चूल विझल्यापासून पंगत बसेपर्यंत



स्मृतिव्याख्यान म्हटलं की साहित्य, इतिहास नाहीतर समाजकारण असा विषय असतो. मी उलटी-जुलाबाचा विषय घेऊन उभी आहे. सार्वजनिक आरोग्याच्या कामात आयुष्य गेल्यावर माझी खात्री झाली आहे की एखादं गाव एकत्र कसं जेवतं आणि जेवून कसं उठतं, यात त्या गावाचं समाजकारण पुरेपूर दिसतं. म्हणून हाच विषय घेतला.

6 फेब्रुवारी 2024 ला षट्‌तिला एकादशी होती. पैनगंगेपलीकडे, आपल्या यवतमाळच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला संत बाळूमामांच्या पालखीनिमित्त परिसरातली गावं जमली होती. उपवासाचा प्रसाद झाला. रात्र सरेपर्यंत घरोघर माणसं ओकत होती, लेकरांना ढाळ लागली होती. बाधितांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. बरोबर चौदा दिवसांनी, पुढच्या एकादशीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि तिथेही शेकडो लोक आजारी पडले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. बाहेर दोर बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसांना उघड्यावर जमिनीवर झोपवून उपचार केले. ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं असेल.

त्यावर चर्चा झाली ती खाटांची आणि डॉक्टरांच्या संख्येची. ती व्हायलाच हवी होती. पण दोरावर बाटल्या टांगायची वेळ येण्याच्या कितीतरी तास आधी काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. भगर कुठल्या पोत्यातली होती? ती कधी शिजली? गंज चुलीवरून कधी उतरला आणि पहिली पंगत कधी बसली? माझं आजचं सगळं म्हणणं या प्रश्नांपाशी आहे. आपल्याकडे सामुदायिक जेवणातून होणारे बहुतेक आजार कुणी काही कालवल्यामुळे होत नाहीत. धान्य साठवताना आणि अन्न शिजल्यावर ते ताटकळत ठेवताना ते तयार होतात. म्हणजे ते टाळणं गावाच्या हातात आहे.

आधी भगर घेऊ, कारण यवतमाळच्या दुर्गोत्सवाला नऊ दिवस लाखो माणसं रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा उपवास असतो. भगर म्हणजे वरईचे तांदूळ. दाणा बारीक, साल काढलेला, त्यामुळे दमट हवेत ओल लवकर धरतो. ओल धरली की बुरशी येते. अस्परजिलस जातीची बुरशी भगरीवर वाढून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार करते, असा इशारा आपलं अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर देत असतं. असं विष शिजवल्याने जाईलच असं नाही. चांगलं उकळलं म्हणजे झालं, हा आपल्या घराघरातला भरवसा इथे कामाचा नाही. भगरीचं तयार पीठ त्याहून धोक्याचं, कारण दाण्यावरची बुरशी निदान डोळ्याला दिसते, पिठात ती मिसळून जाते. त्यातून घटस्थापना येते ती पावसाळ्याच्या शेपटीला. दुकानातलं पोतं चार महिने ओल खाऊन बसलेलं असतं.

बुरशीचं विष हा काही नवा शोध नाही. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी गावांमध्ये कावीळ पसरली. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्याला कारण होतं. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातल्या गावांत, पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी आणि हगवणीची साथ आली. ही ज्वारीची गोष्ट मी मुद्दाम सांगते. कणसं भरली आणि पाऊस आला की ज्वारी काळी पडते, हे आपल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. चांगली ज्वारी बाजारात जाते आणि काळी घरात राहते. बांसवाड्यात आणि दख्खनमध्ये भिजलेलं धान्य खाणारी माणसं अडाणी होती म्हणून आजारी पडली नाहीत. घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून पडली. बुरशीच्या प्रश्नाचं मूळ पुष्कळदा गरिबीत असतं आणि ते नुसत्या प्रबोधनाने सुटत नाही. पिकाची नुकसानभरपाई वेळेवर मिळणं आणि रेशनचं धान्य कोरडं मिळणं, हीसुद्धा अन्नसुरक्षाच आहे.

आता चुलीवरून उतरलेल्या गंजाकडे येऊ. भात, मसालेभात, खिचडी, भगर असे पिष्टमय पदार्थ शिजतात तेव्हा बहुतेक जंतू मरतात. काही मात्र बीजाणूंच्या रूपात तग धरतात. बॅसिलस सेरियस हा जंतू त्यातलाच. तो मातीतून तांदळावर येतो आणि त्याचे बीजाणू उकळीतून जिवंत निघतात. अन्न कोमट झालं की ते जागे होतात, वाढतात आणि उलटी घडवणारं विष अन्नातच सोडतात. ते विष इतकं चिवट आहे की 121 अंशांवर दीड तास तापवूनही टिकतं. सकाळचा भात रात्री खणखणीत गरम केला तरी जंतू मरतील, विष राहील. दुसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याला हवा नको असते आणि मोठ्या गंजाच्या पोटात, घट्ट वरणाच्या किंवा मटणाच्या रश्श्याच्या तळाशी, त्याला हवी तशी जागा मिळते. अनुकूल उष्णतेत तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे पावणेदोन तासांत एकाचे हजार.

आणि मोठा गंज निवत नाही. घरातलं पातेलं तासाभरात गार होतं. पाचशे माणसांच्या खिचडीचा गंज वरून साय धरतो, कडेला हात लावता येतो, पण मधोमध चार-पाच तास नुसता कोमट असतो. 5 ते 60 अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जगभर सांगतात. बाहेर 32 अंशांवर ऊन असेल तर एकच तास. आपल्याकडे लग्नं एप्रिल-मे महिन्यांत लागतात, पारा 43-44 वर असतो, आणि मांडवात स्वयंपाक पहाटे उरकून ठेवतात. दुपारी बाराचा मुहूर्त, वरात दीड तास उशिरा, मग आहेर, मग मानपान, मग पंगत. पहाटे पाचला उतरलेला मसालेभात दुपारी तीनला पानावर पडतो. आचाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी या दहा तासांपुढे त्याचं काही चालत नाही.

तिसरा जंतू माणसाच्या अंगावर राहतो. स्टॅफिलोकॉकस. नाकात असतो, बोटावरच्या पिकलेल्या फोडात असतो. बासुंदी, पेढा, खवा, मळलेली कणीक यांत तो हातातून उतरतो. त्याचंही विष उकळून जात नाही. म्हणून हाताला जखम असलेल्या किंवा पोट बिघडलेल्या माणसाला त्या दिवशी स्वयंपाकाला लावायचं नाही. हे सांगणं सोपं, करणं अवघड, कारण रोजंदारीवर आलेली बाई बोटाचं गळू सांगितलं तर मजुरी बुडेल म्हणून गप्प बसते. तिला त्या दिवशी खुर्च्या मांडायचं काम द्या आणि मजुरी पूर्ण द्या.

आपल्या जुन्या वऱ्हाडी जेवणात मोठ्या पंगतीसाठी शहाणपणाचे पदार्थ आहेत. रोडगे गोवऱ्यांच्या आहारात भाजतात आणि गरम गरम कुस्करून खातात. त्यात ओल कमी, उष्णता भरपूर. बुंदीत साखर इतकी की जंतूला वाढायला पाणी मिळत नाही. पोळी आणि समोर रटरटणाऱ्या कढईतली वांग्याची भाजी यांनाही फारसा धोका नाही. धोका वाढला तो पंगतीत बासुंदी, श्रीखंड, फ्रूट सॅलड आणि बर्फाचा मठ्ठा आल्यापासून. बर्फाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा असं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 पासून बंधनकारक केलं आहे. निळसर लादी दिसली तर ती मठ्ठ्यात जाऊ देऊ नका.

साथ आली की आम्ही काय करतो, तेही सांगते, कारण ते गावातल्या कुणालाही करता येईल. प्रत्येकाला दोन वेळा विचारायच्या. जेवला कधी, आणि पहिली उलटी किंवा पहिला जुलाब कधी? एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाकडे बोट जातं. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, ताप नाही, असं असेल तर गंजात वाढलेल्या परफ्रिंजन्सची शंका येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तापासकट जुलाब असतील तर साल्मोनेला. भाताच्या पेजेसारखे पांढरे जुलाब होऊन माणूस काही तासांत गळून गेला तर पटकी समजून पाण्याकडे धावायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजारी न पडलेल्यांनाही विचारायचं की त्यांनी काय खाल्लं. खाल्लेले आणि न खाल्लेले, आजारी आणि धडधाकट, असा साधा तक्ता प्रत्येक पदार्थाचा मांडला की गुन्हेगार पदार्थ बहुधा वेगळा दिसतो. हा तक्ता पहिल्या दिवशी मांडला तर उपयोग. चौथ्या दिवशी लोकांना काय खाल्लं हे आठवत नाही आणि गंज घासूनपुसून परत गेलेले असतात.

इथेच आपलं सगळं घोडं अडतं. साथ आली की गावात दोन गोष्टी होतात. कुणीतरी कालवलं, अशी कुजबुज सुरू होते आणि जुनी भांडणं वर येतात. नाहीतर मंडळाची बदनामी नको, देवाच्या प्रसादाने असं होत नसतं, म्हणून उरलेलं अन्न घाईने नाल्यात जातं आणि नमुना हाती लागत नाही. मी श्रद्धेच्या आड येत नाही. अन्नदान हे पुण्याचं काम आहे, मीही पंगतीला बसते. पण आंबलेली खिचडी प्रसाद म्हणून लेकराच्या पानात वाढणं हे देवाला आवडेल असं मला वाटत नाही. उशीर झालेला गंज बाजूला काढून मातीत पुरणं यात अपमान कुणाचाच नाही. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी आधी हातात झाडू घेतला आणि मग कीर्तनाला उभे राहिले, त्या वऱ्हाडात हे पटायला हरकत नसावी.

कायद्याची बाजू बहुतेकांना ठाऊक नसते. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, तो 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्याच्या नियमांत छोट्या अन्नव्यावसायिकाची जी व्याख्या आहे, तिच्यात धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्नवाटप करणारेही येतात. म्हणजे महाप्रसाद करणाऱ्या मंडळाने नोंदणी करणं अपेक्षित आहे. तिचं शुल्क 100 रुपये. मंडपाच्या रोषणाईवर लाखो रुपये जातात. नोंदणीमुळे अन्न शुद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण आचारी कोण, पाणी कुठलं, धान्य कुठून घेतलं याचा एक कागद तयार होतो, आणि काही झालंच तर शोध कुठून सुरू करायचा हे कळतं.

पाण्याबद्दल थोडक्यात बोलते. 2022 च्या जुलैमध्ये मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारी इथे विहिरीचं पाणी पिऊन पटकीची साथ आली आणि माणसं गेली. नळाचं पाणी बंद पडलं की लोक उघड्या विहिरीकडे वळतात. त्यात लोकांची चूक नाही. नळाच्या तोटीशी दशलक्ष भागांत 0.2 भाग क्लोरीन उरलं पाहिजे. ओटी चाचणीने ते दोन मिनिटांत कळतं. पण ब्लिचिंग पावडरची पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो. दारव्ह्यापासून झरी-जामणीपर्यंत कुठल्याही ग्रामपंचायतीत जा आणि एवढंच पाहा की ती पिशवी कशी ठेवली आहे.

आता जो विषय या जिल्ह्यात टाळता येत नाही त्याकडे येते. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती अन्नातून झालेली विषबाधा नव्हती. पण त्या फवारणीत जी औषधं होती त्यांच्या रिकाम्या डब्यांचं पुढे काय होतं? घट्ट झाकणाचा, मजबूत डबा असतो. तो धुतला जातो आणि त्यात कधी पाणी जातं, कधी तेल. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 लेकरं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलं गेलं होतं. स्वयंपाकिणीने तेलाबद्दल तक्रार केली होती, ती ऐकली गेली नाही. मोनोक्रोटोफॉस हे नाव आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. शाळेतल्या स्वयंपाकी ताईने किंवा अंगणवाडीच्या मदतनिसाने तेलाला वास येतो असं म्हटलं, तर त्या दिवशीचा स्वयंपाक थांबला पाहिजे. तिची तक्रार ही त्या शाळेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जलद प्रयोगशाळा आहे. आणि फवारणीच्या डब्याला घरात नेण्याआधी बुडाशी खिळा मारून भोक पाडा, म्हणजे तो पुन्हा कशासाठीही वापरता येणार नाही.

मुलांच्या बाबतीत चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंडही आठवतो. शेताच्या कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया चवीला गोड लागतात, लेकरं खातात आणि मग ओकतात. शाळेच्या कुंपणाला ही झाडं नकोत.

आजारी पडल्यावर काय करायचं? आपल्याकडे पहिली मागणी असते, बाटली लावा. काहींना ती लागतेच. माणूस सतत ओकत असेल, पाणी पोटात ठरत नसेल, ग्लानी असेल, लघवी बंद असेल, जुलाबात रक्त असेल, तर वाटेत वेळ घालवू नये. पण बाकी बहुतेकांचा जीव तोंडाने पाजलेलं पाणी वाचवतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. जिथे शंभरातले तीस जात होते तिथे मृत्यू चाराच्याही खाली आले. एक लिटर उकळून निववलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ओआरएसची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. घोट घोट, सतत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध थांबवायचं नाही. लहान मुलांना जुलाब एकदम थांबवणारी गोळी द्यायची नाही. जुलाब झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवसांपर्यंत जस्ताची गोळी देतात. ती आशाताईंकडे असते, मागून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी 60 कोटी माणसं आजारी पडतात आणि 4,20,000 मरतात. त्यांतली 1,25,000 पाच वर्षांखालची मुलं असतात. त्या मुलांतली पुष्कळ आपल्यासारख्याच जिल्ह्यांतली आहेत. ती वर्तमानपत्रात येत नाहीत, कारण ती एकेक करून जातात.

या सभागृहात दुर्गोत्सव मंडळांचे कार्यकर्ते बसले आहेत, म्हणून त्यांना माझी विनंती आहे. यंदाच्या पहिल्या बैठकीत वर्गणी आणि मूर्तीच्या आधी जेवणाचा विषय घ्या. भगर सुटी घेऊ नका, बंद पाकिटातली घ्या आणि त्यावरची तारीख वाचा. पीठ विकत आणू नका. एकच मोठा गंज एकदम शिजवण्याऐवजी तासातासाने लहान गंज उतरवा. प्रत्येक गंजावर खडूने उतरल्याची वेळ लिहा आणि दोन तास झाले की त्यातलं अन्न वाढणं थांबवा, बाहेर ऊन असेल तर तासाभरातच. ते थांबवायचा अधिकार एका माणसाला द्या आणि त्याचं ऐका. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून बर्फात दोन दिवस ठेवा. काही कमी-जास्त झालंच, तर अन्न फेकण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या विनाशुल्क क्रमांकावर फोन करा.